चंद्र उगवलाय, पण डोंगराआड आहे

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांसाठी दिलेलं भाषण)

आज आपण आकाशाबद्दल बोलणार आहोत. दुर्बीण लागणार नाही, मोबाइलही लागणार नाही. आपला हात, आपलं अंगण आणि थोडा अंधार, एवढं पुरे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रबळगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत गटाच्या बैठकीला गेले होते आणि तिथेच मुक्काम होता. त्या दिवशी संकष्टी होती. घरातली सून सहा महिन्यांची गरोदर. सकाळपासून चहा आणि दोन केळी, एवढ्यावर तिचा उपास. कॅलेंडरमध्ये चंद्रोदय सव्वानऊचा दिला होता. सव्वानऊला आम्ही सगळ्या ताट घेऊन अंगणात आलो. आकाश स्वच्छ होतं, पण चंद्राचा पत्ता नाही. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. पोरगी उभ्या उभ्या डळमळली आणि पायरीवर बसली. सासू प्रेमळ, तिचाही जीव खालीवर होत होता. पण ती म्हणाली, “चंद्र दिसल्याशिवाय कसं सोडायचं?” दहाच्या सुमाराला चंद्र डोंगरावर आला, तेव्हा कुठे त्या पोरीच्या तोंडात घास गेला.

खरं सांगू? चंद्र सव्वानऊलाच उगवला होता. तो डोंगराआड होता. डोंगराची कडसुद्धा उजळलेली दिसत होती. मी वर्षानुवर्षं मुलांना हे शिकवलं, पण त्या रात्री माझ्याही तोंडून ते निघालं नाही. त्याची चुटपुट मला अजून आहे. म्हणून आजचं हे बोलणं.

आपल्या गावाच्या चार भिंती

आकाश बघायचं तर आधी दिशा पक्क्या हव्यात. पनवेलकरांना देवाने सोय करून दिली आहे. पनवेल शहरात उभं राहिलं की पूर्वेला प्रबळगड आणि त्यामागे माथेरान. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका, ज्याला आपण अंगठा म्हणतो. पश्चिमेला खाडी आणि उलव्याचा नवा विमानतळ. उत्तरेला तळोजा. तुमचं गाव यांच्यापैकी कशाच्या कुठल्या बाजूला आहे, त्याप्रमाणे आपल्या अंगणाच्या दिशा ठरवून घ्या.

जिथे आकाश जमिनीला टेकल्यासारखं दिसतं, ते क्षितिज. आपल्या बरोबर डोक्यावरचा जो बिंदू, तो खमध्य. क्षितिजापासून खमध्यापर्यंत नव्वद अंश होतात. हे अंश मोजायला पट्टी कुठून आणायची? ती आपल्या खांद्यालाच लटकलेली आहे.

हात समोर पूर्ण ताणा. एक डोळा मिटा. करंगळीची रुंदी म्हणजे साधारण एक अंश. मधली तीन बोटं जोडून धरली की पाच अंश. बंद मुठीची रुंदी म्हणजे दहा अंश. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत म्हणजे वीस अंशांच्या थोडी वर. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत वर गेलात तर सुमारे नऊ मुठींत डोक्यावर पोचाल. आज करून पाहा. लहान मुलीची मूठ लहान असते, पण तिचा हातही आखूड असतो. त्यामुळे तिचंही माप जवळजवळ तेवढंच येतं.

या पट्टीने पहिली गंमत करा. पौर्णिमेचा चंद्र उगवताना परातीएवढा वाटतो ना? तेव्हा ताणलेल्या हाताची करंगळी त्याच्यापुढे धरा. चंद्र तिच्या अर्ध्या रुंदीत मावतो. मध्यरात्री डोक्यावर आला की पुन्हा धरा. तेवढाच. चंद्राचं माप अर्धा अंश, ते बदलत नाही. डोंगर-झाडांजवळ तो मोठा वाटतो, हा आपल्या नजरेचा खेळ.

ध्रुव कुठे शोधायचा?

बहुतेक जणींना वाटतं की ध्रुव म्हणजे आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तसं नाही. तो मध्यम तेजाचा आहे. त्याचं मोठेपण वेगळं आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि तिचा आस जवळजवळ ध्रुवाकडे रोखलेला आहे. म्हणून सगळे तारे सरकतात आणि ध्रुव जागेवर राहतो. जात्याचं पाळं फिरतं आणि खुंटा जागेवर असतो, तसं.

आता मोलाची गोष्ट ऐका. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितके आपल्या गावाचे अक्षांश. पनवेल १९ अंश उत्तरेला आहे. म्हणजे उत्तरेला तोंड करून दोन मुठी मोजल्या की ध्रुव तिथे. कन्याकुमारीला तो एका मुठीपेक्षाही खाली दिसतो. श्रीनगरला साडेतीन मुठींच्या जवळपास. आपल्याकडे तळोज्याच्या बाजूला दिव्यांची उजळ पट्टी असते, पण दोन मुठी वर बहुतेक वेळा ध्रुव सापडतो.

खात्री करायला सप्तर्षी आहेत. काही गावांत त्यांना खाटलं किंवा बाजलं म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमाराला ते उत्तरेला चांगले वर असतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. चौकोनातले शेपटीपासून दूरचे दोन तारे जोडा आणि ती रेघ तशीच पुढे न्या. त्या दोघांत जेवढं अंतर, त्याच्या पाचपट गेलात की ध्रुव. शेपटीतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ. त्याला खेटून एक बारीक तारा आहे, ती अरुंधती. लग्नात भटजींनी दाखवली असेल, आपण मान डोलावली असेल. आता खरंच पाहा. नजर चांगली असेल तर दोन्ही वेगळे दिसतात. दिवाळीनंतरच्या संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत. तेव्हा उत्तरेला पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा असते, मराठी चार आकड्यासारखी नव्हे, इंग्रजी एम अक्षरासारखी. तिच्यावरूनही ध्रुवाची बाजू कळते.

आकाशाचं घड्याळ

पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी मारते, म्हणजे तासाला पंधरा अंश. आपल्याला वाटतं की आकाशच पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतंय. पूर्वेला उगवलेला तारा तासाभरात साधारण दीड मूठ पुढे जातो. विजेचं घड्याळ नव्हतं तेव्हा पहाटे दळायला उठणाऱ्या बाया चांदण्यांवरूनच वेळ ओळखायच्या. त्यांच्या हिशेबामागे हेच गणित आहे.

दुसरा हिशेब: प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याला दोन तास होतात, वर्षाला चोवीस. म्हणून ऋतूप्रमाणे संध्याकाळचं आकाश बदलतं आणि वर्षाने तेच तारे त्याच वेळी परत येतात.

चंद्राचं उलटं. तो पृथ्वीभोवती फिरत पूर्वेकडे सरकत राहतो, म्हणून रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. आता संकष्टीचा हिशेब स्वतः मांडा. पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र उगवतो. समजा संध्याकाळी सहाला. पुढे चार दिवस, रोज पन्नास मिनिटं, म्हणजे दोनशे मिनिटं. सहावर तीन तास वीस मिनिटं मिळवा. नऊ वीस आले. पौर्णिमेची तिथी कधी लागते-संपते, सूर्य कधी मावळतो, यावर हे थोडं मागेपुढे होतं. म्हणून बहुतेक संकष्ट्यांना चंद्रोदय साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो.

हाच चंद्रोदय नागपूरच्या नणंदेकडे आपल्या आधी होतो. नागपूर आपल्यापेक्षा सहा अंश पूर्वेला आहे आणि दर अंशाला चार मिनिटं धरली की वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. मुंबई आणि पनवेल यांच्यात मात्र मिनिटभराचाच फरक. त्यामुळे मुंबईची वेळ आपल्याला चालते.

पण कॅलेंडरची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. तिला प्रबळगड ठाऊक नाही. तुमच्या अंगणातून पूर्वेचा डोंगर एक मूठ उंच दिसत असेल, तर चंद्र उगवल्यावर तेवढं चढायला त्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. अर्धी मूठ असेल तर वीस-बावीस मिनिटं. त्या वाडीत आम्ही पावणेदहापर्यंत आणि पुढेही का ताटकळलो, ते आता कळलं ना?

चांदणी, ग्रह की विमान?

आपल्याकडे आता हा प्रश्न फार येतो. ओळखायच्या सोप्या खुणा सांगते. तारा लुकलुकतो, कारण तो इतका दूर आहे की एक ठिपकाच दिसतो आणि आपल्या हवेच्या हालचालीत त्याचा प्रकाश थरथरतो. ग्रह जवळ आहेत, त्यांचा प्रकाश बहुधा स्थिर दिसतो. शिवाय सूर्य आणि चंद्र ज्या वाटेने जातात, ग्रहही त्याच वाटेच्या आसपास असतात. ध्रुवाजवळ ग्रह कधी सापडायचा नाही.

शुक्राची चांदणी सगळ्यांत तेजस्वी. पण ती सूर्यापासून पाच मुठींच्या पलीकडे कधी जात नाही. म्हणून संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसते. मध्यरात्री डोक्यावर काही झळकत असेल, तर तो शुक्र नव्हे. बहुधा गुरू असेल.

लाल-हिरवे दिवे, उघडझाप होत सरकणारं ते विमान. अजिबात न लुकलुकता काही मिनिटांत आकाश पार करणारा ठिपका म्हणजे कृत्रिम उपग्रह. संध्याकाळी किंवा पहाटे त्यावर ऊन पडलेलं असतं, म्हणून तो चमकतो. कधी कधी माळेसारखे एकामागे एक दिसतात, तेही उपग्रहच. घाबरायचं कारण नाही.

मृग लागतो तेव्हा मृग दिसत का नाही?

सात-आठ जूनला मृग लागतो. आपण भाताच्या पेरणीची तयारी करतो. पण त्या रात्री आकाशात मृग शोधायला गेलात तर सापडणार नाही, ढग नसले तरीही. कारण ‘मृग लागला’ याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. सूर्य जिथे, तिथले तारे दिवसा वर असतात आणि उजेडात बुडतात.

तोच मृग सहा महिन्यांनी रात्री दिसतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊला दक्षिणेकडे तोंड करा, कर्नाळ्याच्या दिशेला. क्षितिजापासून सात मुठी वर तीन तारे एका ओळीत दिसतील. तो मृगाच्या पोटात घुसलेला बाण. भोवती चार तारे, ते मृगाचे चार पाय. बाणाची रेघ खाली डावीकडे नेली की जो झगमगता तारा लागतो तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. बाणाचे तीन तारे जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात आणि बरोबर पश्चिमेला मावळतात. रानात दिशा चुकलीच तर लक्षात ठेवा.

हस्ताचंही तसंच. सप्टेंबरच्या अखेरीला सूर्य हस्तात जातो, हत्तीचा पाऊस पडतो, आपण पाटावर हत्ती काढून भोंडला खेळतो. पण हस्ताचे पाच तारे, हाताच्या पाच बोटांसारखे, पाहायचे असतील तर मेच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेला पाच मुठी वर पाहा.

अशी नक्षत्रं सत्तावीस. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो, म्हणजे सव्वा मुठीपेक्षा थोडं जास्त. पौर्णिमेला तो ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याचं नाव पडलं. चित्रावरून चैत्र, विशाखावरून वैशाख, कृत्तिकांवरून कार्तिक, मघांवरून माघ. त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावून झाले की चंद्राच्या आसपास कृत्तिकांचा झुबका शोधा. चंद्राच्या उजेडात अवघड जाईल, तीन-चार दिवसांनी चंद्र उगवायच्या आधी सोपं जाईल.

अंतराचीही थोडी कल्पना घ्या. चंद्राचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वा सेकंद लागतो. सूर्याचा आठ मिनिटांपेक्षा थोडा जास्त. व्याधाचा साडेआठ वर्षं. म्हणजे तिसरीतली तुमची मुलगी जन्मली, त्या सुमाराला निघालेला प्रकाश आज तिच्या डोळ्यात शिरतो. कृत्तिकांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षांचा. तो निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता.

गटाने आकाश कसं बघावं?

अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. चंद्र मोठा असला की बारीक तारे लपतात. पावसाळा सोडून द्या. दिवाळीपासून मेपर्यंतचा काळ चांगला. उजेडातून अंधारात आलं की डोळे तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्येच कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी हवीच, कारण रानात साप-विंचू असतात. तिच्या तोंडावर लाल जिलेटीन कागद दोन पदरी बांधा. लाल उजेडाने डोळे फारसे दिपत नाहीत. पायात चप्पल असू द्या. शाळेचं पटांगण किंवा देवळाची गच्ची निवडा, सतरंजी पसरा आणि उताणं पडून पाहा, मान दुखणार नाही. सगळ्या मिळून जा, पोरींना बरोबर न्या. रात्र ही फक्त पुरुषांची नाही.

कुणाकडे साधी द्विनेत्री असेल तर उत्तम. तिच्यावर दहा गुणिले पन्नास असे आकडे असतात. दहा म्हणजे वस्तू दहापट जवळ दिसते, पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. हात कुठेतरी टेकवून धरली तर चंद्रावरचे खड्डे आणि गुरूचे चार चंद्रही दिसतात. सूर्याकडे मात्र द्विनेत्रीने कधीही बघायचं नाही, डोळा कायमचा जाईल.

पनवेलचा उजेड वाढला आहे. शहरातून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. मुंबईचं खगोल मंडळ रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी लोकांना कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला नेतं, ते अंधारासाठीच. आपल्या वाड्यांवर अजून अंधार शिल्लक आहे. ग्रामसभेत एवढं मागता येईल: गल्लीच्या दिव्याला वरून टोपी असावी आणि उजेड खाली रस्त्यावर पडावा. वर आकाशात गेलेला उजेड कुणाच्या कामाचा नाही, आणि त्याचं बिल पंचायत भरते.

ग्रहण आणि गरोदर बाई

शेवटचं, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं, कारण तेव्हा पृथ्वी मध्ये येते आणि तिची सावली चंद्रावर पडते. ७ सप्टेंबर २०२५च्या रात्री असंच खग्रास चंद्रग्रहण झालं. सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं, तेव्हा चंद्राची सावली आपल्यावर पडते. पुढे २ ऑगस्ट २०२७ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. सावलीत विष नसतं. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघावं. सूर्यग्रहण खास चष्म्याशिवाय कुणीच बघू नये, बाई असो की बाप्या.

गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही. पण तिला तासन्‌तास उपाशी, तहानेलं ठेवलं तर तिला चक्कर येते, अशक्तपणा वाढतो. ते नुकसान खरं आहे. उपास करायचा की नाही, हा जिचा-तिचा प्रश्न. गरोदरपणात मात्र आधी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा.

आता त्या वाडीची गोष्ट पुरी करते. पुढच्या संकष्टीला मी मुद्दाम गेले. दिवसाउजेडी त्या सासूबाईंना अंगणात उभं केलं, हात ताणायला लावला. डोंगर भरली एक मूठ निघाला. म्हटलं, “कॅलेंडरच्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा दिसेल, बघा.” रात्री कॅलेंडरची वेळ झाली. डोंगराची कड उजळत होती. सासूबाईंनी पूर्वेकडे बघून अर्घ्य दिलं, हात जोडले आणि सुनेला म्हणाल्या, “उगवलाय ना? डोंगराआड आहे. डोंगर काय देवाने नाही केला? बस, जेव तू.” सून जेवून उठली, हात धुवायला अंगणात आली, तेव्हा चंद्र वर आला. ठरल्या वेळेला.

मैत्रिणींनो, आज रात्री एवढंच करा. पूर्वेची आपली टेकडी किती मुठींची, ते मोजा. उत्तरेला दोन मुठींवर ध्रुव आहे का, ते पाहा. टेकडी सगळीकडे सारखी उंच नसते आणि चंद्र दर वेळी वेगळ्या जागी उगवतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजा. आकडे गटाच्या वहीत, हिशेबाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या संकष्टीला आपलं गणित जुळलं का, ते आम्हाला कळवा.